बोटीचा तळ पुन्हा रंगवताना: खर्च कुठे होतो आणि कुठे वाचतो

तळाला रंग द्यायचं ठरलं की बहुतेक मालक आधी डब्याची किंमत विचारतात. पूर्ण कामात डब्याचा वाटा बहुधा लहानच असतो. बोट पाण्यातून वर काढणं, धुणं, टेकूंवर उभी करणं, यार्डातल्या जागेचं रोजचं भाडं, घासकामाची मजुरी आणि शेवटी परत पाण्यात सोडणं, मोठा पैसा यांत जातो. याहून मोठा खर्च तर कित्येक वर्षं दिसतही नाही. दर फेरीला जुन्यावर नवा थर चढत राहतो, एक दिवस ते सगळे थर पोपडे धरून सुटायला लागतात आणि अख्खा तळ खरवडण्याची पाळी येते. म्हणून एका फेरीला किती लागले यापेक्षा वर्षाकाठी किती पडले, हा हिशोब धरून मी पुढचं सगळं सांगितलं आहे.

रंग झिजतो म्हणून काम करतो

पाण्यात बुडालेल्या कुठल्याही पृष्ठभागावर काही मिनिटांत सेंद्रिय पदार्थांचा न दिसणारा थर बसतो. काही तासांत त्यावर जिवाणू येतात, काही दिवसांत हाताला बुळबुळीत लागणारा थर तयार होतो. त्यानंतर शेवाळ, बार्नॅकल (दगडाला किंवा बोटीला चिकटून राहणारा लहान कवचधारी समुद्री जीव), शिंपले. बार्नॅकलचं पोहणारं पिल्लू एकदा जागा निवडून चिकटलं की जन्मभर तिथून हलत नाही आणि मेल्यावरही त्याच्या बुडाची चकती तशीच राहते. याची किंमत इंधनात मोजावी लागते. अमेरिकी नौदलाच्या फ्रिगेट प्रकारच्या युद्धनौकेवर बेतलेल्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, कवचधारी जिवांचा जाड थर बसल्यावर नेहमीचा वेग राखायला ८६ टक्क्यांपर्यंत जास्त शक्ती लागू शकते. लहान बोटीचा आकडा वेगळा येईल, पण दिशा तीच.

बहुतेक तळरंगांचं मुख्य हत्यार आजही तांबंच आहे. ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये ‘एचएमएस अलार्म’ या जहाजाच्या तळाला प्रयोग म्हणून तांब्याचा पत्रा ठोकला. तळ स्वच्छ राहिला, पण तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे गंजून गेले. पुढे १८२४ च्या सुमारास हंफ्री डेव्ही यांनी तांब्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडून त्याची झीज थांबवून दाखवली. झीज थांबली आणि तळावर वनस्पती व बार्नॅकल वाढू लागले, कारण तांबं पाण्यात विरघळतं तेव्हाच ते जिवांना दूर ठेवतं. तळाच्या रंगाचं सगळं गणित यात आहे. झिजणार नाही आणि तळही स्वच्छ ठेवेल, असा तांब्याचा रंग असू शकत नाही. या रंगाकडे साबण किंवा इंधनासारखं, खर्ची पडणारी वस्तू म्हणूनच पाहायला हवं.

कोणता रंग कुणाला

कडक रंगात तांबं हळूहळू बाहेर झिरपतं, पण रंगाचा सांगाडा जागेवरच राहतो. घासणं आणि वेग तो चांगला सोसतो. झपाट्याने धावणाऱ्या किंवा वरचेवर पुसल्या जाणाऱ्या बोटीला तो योग्य. त्याचे दोष दोन. बोट बराच काळ पाण्याबाहेर राहिली की त्याचा जोर बराचसा जातो, आणि रिकामा झालेला सांगाडा तसाच राहून दर फेरीला थर वाढत जातो.

झिजणारा किंवा स्वतः पॉलिश होणारा रंग पाण्याच्या घर्षणाने आणि पाण्याशी होणाऱ्या क्रियेने थोडाथोडा उतरतो. रोज नवा पृष्ठभाग उघडा पडतो आणि जुने थर साठत नाहीत. यातले अनेक रंग बोट वर काढून पुन्हा पाण्यात सोडली तरी काम करतात. मध्यम वेगाने नियमित चालणाऱ्या बोटीला मी हाच रंग सुचवेन, कारण दहा वर्षांचा हिशोब केला तर खरवडकाम वाचतं आणि बाकी कुठल्याही काटकसरीत एवढी बचत नाही. महिनोन्‌महिने एका जागी बांधून ठेवलेल्या बोटीला मात्र त्याचा पुरा फायदा मिळत नाही.

सिलिकॉनचे लेप जिवांना मारत नाहीत, चिकटू देत नाहीत. ते महाग आणि ओरखड्यांना नाजूक असतात. एकदा सिलिकॉन लावलं की त्यावर दुसरा कुठलाही नेहमीचा रंग धरत नाही, मन बदललं तर सगळं मुळापासून काढावं लागतं. टेफ्लॉन असलेल्या पातळ रंगांवर दुसरा रंग चढवतानाही अशीच पंचाईत होते.

ॲल्युमिनियमच्या बोटीला नेहमीचा क्युप्रस ऑक्साइडचा (तांब्याच्या ऑक्साइडचा) रंग लावू नका. ‘अलार्म’च्या खिळ्यांचं जे झालं तेच तुमच्या पत्र्याचं होईल. त्यासाठी कॉपर थायोसायनेटचे किंवा तांबं नसलेले रंग मिळतात, तेही एपॉक्सी अस्तर नीट चढवून मगच लावायचे. रंग घेण्याआधी आपल्या बंदरात काय चालतं हेही विचारून घ्या, कारण तांब्यावरही काही ठिकाणी मर्यादा आहेत.

लिटरचा हिशोब

यार्डाचं बिल बोटीच्या लांबीवर निघतं, रंग मात्र क्षेत्रफळावर लागतो. अंदाजाला एक सोपं सूत्र पुरतं: पाण्याच्या रेषेवरची लांबी गुणिले, रुंदी अधिक पाण्यातली खोली. मोटरबोटीला येईल ते उत्तर तसंच घ्या. लांब कील (तळाखाली उतरलेला कणा) असलेल्या शिडाच्या बोटीला त्याचे ०.७५ आणि अरुंद पात्यासारखी कील असेल तर ०.५.

उदाहरणार्थ ९ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि १ मीटर खोल मोटरबोट घ्या: ९ × ४ = ३६ चौरस मीटर. एक लिटर रंग एका हाताला ९ चौरस मीटर पुरतो असं धरलं (खरा आकडा डब्यावर असतो) तर एका हाताला ४ लिटर, दोन हातांना ८ आणि कडांच्या जादा हातासाठी आणखी एखादा लिटर. आता हाच तळ पूर्ण खरवडून एपॉक्सी अस्तराचे पाच हात द्यायचे म्हटलं, आणि अस्तरही तेवढंच पुरतं असं धरलं, तर आणखी २० लिटर अस्तर लागेल. खरवडण्याची मजुरी आणि यार्डातले वाढीव दिवस वेगळेच.

वर्षाकाठी खर्च कसा काढायचा ते बघू. समजा एका फेरीचे १०० भाग होतात, त्यांतले २५ रंगाचे आणि ७५ बाकी सगळ्याचे. दर वर्षी ही फेरी केली तर वर्षाला १०० भाग. दुप्पट किमतीचा, पण दोन वर्षं टिकणारा रंग घेतला तर एका फेरीचे १२५ होतील आणि वर्षाला ६२.५ पडतील. स्वस्त डबा महाग पडतो तो असा. एक गोष्ट मात्र तपासा. पंख्याचा (प्रोपेलरचा) शाफ्ट, सुकाणू किंवा बाकी धातू गंजू नये म्हणून लावलेल्या जस्ताच्या तुकड्यांसाठी बोट दर वर्षी वर काढावीच लागत असेल, तर बचत फक्त रंगाची आणि घासकामाची होईल, उचलण्याची होणार नाही. तुमच्या यार्डाचे आकडे या चौकटीत घालून पाहा.

यार्डाला आधी विचारायचे प्रश्न

दर सांगताना धुणं धरलं आहे का? जागेचं भाडं पहिल्या दिवसापासून लागतं की काही दिवस मोफत असतात? पावसाने काम अडलं तर? टेकू सरकवण्याचे वेगळे पैसे आहेत का? आपला रंग आणून आपल्या हाताने काम करायची परवानगी आहे का? कोरडं घासायला मनाई आहे का? कचऱ्याची विल्हेवाट कोण लावणार? हे सगळं लेखी घ्या. शेवटच्या बिलात भर पडते ती बहुतेक याच बाबींतून.

वर काढण्याआधी रंग, अस्तर, जस्त, टेप, रोलर सगळं हाताशी आणून ठेवा. एखादा डबा कमी पडला म्हणून बोट यार्डात उभी राहिली, तर रोजच्या भाड्यात त्या डब्याच्या दुपटीने पैसे जाऊ शकतात.

वर काढल्यावरचा पहिला तास

बोट वर येताच, तळ ओला असतानाच दाबाच्या पाण्याने धुऊन घ्या. ओलं शेवाळ सहज निघतं, उन्हात वाळलं की दगडासारखं चिकटतं. बार्नॅकल बोथट, रुंद खरवडणीने काढा आणि खाली उरलेल्या चकत्याही घासून टाका. त्यांच्यावर मारलेला रंग पुढे त्यांच्यासकट सुटतो.

धुण्याआधी आणि धुतल्यावर तळाचे फोटो काढून ठेवा. वाढ कुठे जास्त होती, रंग कुठे उडाला, हे त्यातून कळतं.

मग सावकाश पाहणी करा. बारीक फुगे दिसतात का? फायबरग्लासच्या तळावरचा फुगा फक्त रंगात आहे की जेलकोटमध्ये (फायबरग्लासच्या बाहेरच्या गुळगुळीत थरात), हे एखादा उघडून पाहिल्याशिवाय समजत नाही. आतून आंबूस वासाचं, चिकट पाणी आलं तर तो ऑस्मोसिस, म्हणजे फायबरग्लासमध्ये पाणी मुरून आलेले फुगे. तो वरून रंगाने झाकू नका. असा तळ उघडून धुऊन वाळवावा लागतो आणि वाळायला आठवडे, कधी महिने जातात. थोडेच फुगे असतील तर तेवढेच दुरुस्त करून पुढे लक्ष ठेवणंही शहाणपणाचं आहे. लाकडी बोटीचं याच्या उलट. ती फार दिवस उन्हात कोरडी ठेवली तर फळ्या आकसून सांधे उघडतात, म्हणून तिचं काम पटकन आटपा.

याच वेळी सी-कॉक (तळातल्या पाण्याच्या छिद्रांवरच्या झडपा) उघडबंद करून पाहा, शाफ्टचं बेअरिंग आणि सुकाणू हलवून पाहा. बोट वर आहे तोवर ही कामं स्वस्तात होतात. जस्त अर्ध्याच्या आसपास झिजलं असेल तर बदला. खाऱ्या पाण्यात जस्त किंवा ॲल्युमिनियमचे, गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे तुकडे वापरतात.

जुना रंग ठेवायचा की काढायचा

सगळ्या कामात जास्तीत जास्त विचार इथे करा. धारदार पात्याने तळावर फुलीसारखा छेद द्या, त्यावर मजबूत टेप दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. तळावर पाच-सहा ठिकाणी, विशेषतः पाण्याच्या रेषेजवळ आणि कीलवर हे करा. टेपला काहीच किंवा अगदी किंचित रंग आला तर जुना थर घट्ट आहे, हलकं घासून त्यावर नवा हात देता येईल. पापुद्रेच्या पापुद्रे निघाले तर त्यावर कितीही महागडा रंग मारा, तो जुन्या थरासकट गळून पडेल. मधली स्थितीही असते: थोड्या जागी सुटलं आहे, बाकी घट्ट. तिथे सुटलेलं खरवडा, कडा घासून उतरत्या करा, अस्तर मारून पुढे जा आणि पूर्ण खरवडण्यासाठी पुढच्या फेरीची तरतूद आत्तापासून करा.

जुना रंग कुठला आहे ते माहीत नसेल तर नव्या रंगाच्या कंपनीचं सांधणारं अस्तर मध्ये घाला. एका रंगातलं थिनर खालच्या रंगाला सोलून काढतं, ते त्याने टळतं. नव्याकोऱ्या फायबरग्लासवर साच्याचं मेण असतं. घासण्याआधी ते सॉल्व्हंटने पुसून काढा. आधी घासलं तर मेण ओरखड्यांत बसतं आणि अस्तर धरत नाही.

पूर्ण काढायचंच ठरलं तर हाताने खरवडणं सगळ्यांत स्वस्त पण जिवावर येणारं. फायबरग्लाससाठी बनवलेलं रसायन वेळ वाचवतं, मात्र साधं रंग काढायचं रसायन जेलकोटच खाऊन टाकेल. सोड्याचा किंवा ओला मारा करून काढणं महाग, पण जलद आणि एकसारखं होतं. मोठ्या तळाला, मजुरी आणि भाडं धरून, शेवटी तेच परवडतं असं मी म्हणेन.

घासताना

तळाच्या रंगाची धूळ विषारी असते. ट्रायब्युटिल टिन हे जहाल रसायन या रंगांत सर्रास असायचं. फ्रान्समधल्या आर्काशों उपसागरातली कालवांची शेती त्याने उद्ध्वस्त झाल्यावर १९८२ मध्ये त्या देशाने लहान बोटींवर त्याला बंदी घातली. त्यावर बंदी घालणारा २००१ चा आंतरराष्ट्रीय करार लागू व्हायला सप्टेंबर २००८ उजाडला. सायब्युट्रिन या दुसऱ्या रसायनावरची बंदी तर २०२३ पासूनची आहे. जुन्या बोटीच्या आतल्या थरांत यांतलं काहीही असू शकतं.

म्हणून ओलं घासा, किंवा व्हॅक्यूम जोडलेलं यंत्र वापरा. कापडी रुमाल पुरत नाही, धूळ आणि वाफ दोन्ही अडवणारा मास्क, चष्मा, हातमोजे आणि अंगभर कपडा घाला. खाली ताडपत्री पसरा, निघालेला गाळ गोळा करा. रंग जाळून काढायचा विचारही करू नका. ८० नंबरचा पॉलिश पेपर बहुतेक कामाला पुरतो. पृष्ठभाग गुळगुळीत करायचा नाही, तर मंद आणि थोडा खरखरीत ठेवायचा, म्हणजे रंगाला पकड मिळते. खड्डे भरायला पाण्याखाली चालणारी एपॉक्सी लांबीच (पुटी) वापरा. घरच्या भिंतीची किंवा गाडीच्या पत्र्याची लांबी पाणी पिते.

हात मारण्याचा दिवस

हवामान पाहूनच सुरुवात करा. तळाचं तापमान दवबिंदूपेक्षा (हवेतल्या ओलाव्याचं दव होऊ लागतं त्या तापमानापेक्षा) किमान ३ अंश सेल्सिअस जास्त हवं, नाहीतर न दिसणारा ओलावा रंगाखाली अडकतो. सकाळी दव वाळल्यावर सुरू करून संध्याकाळचं दव पडायच्या आत शेवटचा हात सुकायला लागलेला असावा. कडक दुपारी तापलेल्या तळावर रंग रोलरखालीच सुकतो, तेव्हा सावलीची बाजू आधी घ्या.

मास्किंग टेप पाण्याच्या रेषेच्या जरा वर लावा, कारण सामान भरल्यावर बोट खाली बसते. जस्ताच्या तुकड्यांवर रंग लागू देऊ नका, रंग लागलेलं जस्त काम करत नाही. खोली मोजणाऱ्या सेन्सरवर त्याच्यासाठीचाच पातळ रंग लावा. पंख्यालाही त्याचा वेगळा लेप असतो.

डबा उघडला की तळाशी तांब्याचा जड गाळ बसलेला दिसेल. रंगातली खरी ताकद तीच. ड्रिलला ढवळणी लावून तळापासून वरपर्यंत घोटा आणि काम चालू असतानाही अधूनमधून ढवळत राहा. थिनर डब्यावर सांगितलंय त्यापेक्षा जास्त घालू नका. पातळ केलेला रंग जागा जास्त व्यापतो, पण जाडी कमी होते, आणि झिजणाऱ्या रंगात जाडी म्हणजेच महिने.

पहिला हात वेगळ्या छटेचा द्या. वरचा हात निळा असेल तर खालचा लाल. पुढे निळ्यातून लाल दिसू लागला की पुन्हा रंगवायची वेळ जवळ आली. आखूड केसांचा रोलर घ्या, छोट्या छोट्या भागांत काम करा. नाळ (बोटीचं पुढचं टोक), कीलची आणि सुकाण्याची पुढची कड, पाण्याच्या रेषेखालचा पट्टा आणि मागचे कोपरे इथे एक जादा हात द्या. या जागी पाणी जोरात घासतं आणि रेषेजवळ ऊनही पोचतं.

हिशोबाने काढलेला रंग संपायलाच हवा. काम झाल्यावर डब्यात बराच रंग उरला तर ती बचत नव्हे, हात पातळ पडला आहे. उरलेला रंग कडांवर आणखी एक हात म्हणून वापरून टाका.

टेकूंखालच्या जागा शेवटी राहतात. टेकू सरकवायचं काम यार्डाच्या माणसांनाच करू द्या, एक टेकू चुकला तर बोट आडवी होऊन जीव जाऊ शकतो. किंवा पाण्यात सोडायच्या दिवशी बोट पट्ट्यांवर लटकलेली असताना त्या जागा रंगवा. त्यासाठी क्रेनचे काही तास राखून ठेवावे लागतात, हे आधीच ठरवा. मास्किंग टेप शेवटचा हात थोडा चिकट असतानाच काढा.

पाण्यात सोडण्याआधी किती तास थांबायचं आणि जास्तीत जास्त किती दिवस थांबलं तर चालतं, हे दोन्ही आकडे डब्यावर असतात. दुसऱ्या आकड्याकडे बरेच जण दुर्लक्ष करतात. काही रंग ठरलेल्या मुदतीत पाण्यात गेले नाहीत तर निकामी होतात.

पाण्यात गेल्यानंतरची निगा

पहिल्या आठवड्यातच एक चाचणी करून ठेवा. शांत पाण्यात, ठरावीक वजनावर, इंजिनाच्या दोन-तीन ठरावीक फेऱ्यांना बोट किती वेग देते ते दोन्ही दिशांना चालवून लिहा. हीच तुमची मोजपट्टी. काही महिन्यांनी त्याच फेऱ्यांना वेग घटलेला दिसला तर आधी पंखा तपासा. बहुतेकदा तळाआधी पंख्यावरच बार्नॅकल येतात.

पहिले दोन-तीन महिने नवा रंग घासू नका. नंतर बुळबुळीत थर दिसला तर मऊ कापडाने, हलक्या हाताने पुसा, ताठ ब्रश वापरू नका. झिजणाऱ्या रंगावर जोरात घासणं म्हणजे महिन्यांचा रंग एका दुपारी पाण्यात सोडणं, शिवाय ते तांबं बंदराच्या पाण्यात उतरतं. काही बंदरांत पाण्याखाली घासायला बंदीच आहे. शेवाळ मऊ असतानाच पुसलं की हलका हात पुरतो. कवच येईपर्यंत थांबलात की खरवडावं लागतं आणि त्याबरोबर रंगही जातो. बोट चालती ठेवणं ही सगळ्यांत स्वस्त निगा आहे. एका जागी उभ्या बोटीवर पिल्लांना चिकटायला निवांत वेळ मिळतो.

एका वहीत रंगाचं नाव, किती लिटर लागला, अस्तर कोणतं, तारखा आणि हवामान लिहून ठेवा, पावत्या जपा. दुसऱ्या देशात बोट न्यायची असेल तर त्या उपयोगी पडतात. न्यूझीलंड २०१८ पासून येणाऱ्या प्रत्येक बोटीचा तळ स्वच्छ असल्याचा पुरावा मागतं. बोट विकतानाही घेणाऱ्याला खाली काय आहे ते कळतं आणि त्याला आंधळेपणाने खरवडावं लागत नाही.

पुढच्या वेळी बोट वर आली की आतली छटा कुठे दिसते ते पाहा. फक्त कडांवर लाल दिसत असेल तर झीज अपेक्षेप्रमाणे आहे, कडांना दोन हात आणि बाकीच्या तळाला एकच हात पुरेल. सगळीकडे लाल दिसत असेल तर एक तर पुढच्या वेळी हात वाढवा, नाहीतर फेरी लवकर घ्या. निळा सगळीकडे शाबूत आहे आणि तरी तळावर वाढ आहे, तर बोट पुरेशी चालत नाही किंवा रंग त्या पाण्याला जुळत नाही. अशा वेळी जाडी वाढवून उपयोग नाही, रंगाचा प्रकार बदला.